लेव्हल नऊची मुलगी कॉलेजात खेळू शकते का? छोट्या संघांपर्यंतची वाट

अमेरिकेतल्या मराठी घरांत एक गोष्ट वारंवार घडते. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना जिम्नॅस्टिक्ससाठी घराजवळच्या जिममध्ये जायला लागते, एकेक लेव्हल (या खेळातली पायरी, सर्वांत वरची दहा) चढत आठ-नऊपर्यंत पोहोचते, आठवड्याचे वीस-वीस तास तिथे घालवते. मग दहावी-अकरावी येते. एपीचे विषय, एसएटी, उन्हाळ्यातलं काम असं सगळं एकदम अंगावर येतं आणि घरात ठरतं, ‘कॉलेजात फक्त टीव्हीवर दिसतात तशा मुलींना घेतात, आता कशाला ओढायचं?’ दहा वर्षं जिवापाड केलेला खेळ तिथेच थांबतो.

टीव्हीवर दिसतात ते ओक्लाहोमा, एलएसयू, यूसीएलए, फ्लोरिडा. त्या संघांत जागा मिळणं खरोखरच कठीण आहे. पण देशात मुलींचे ऐंशीच्या आसपास कॉलेज संघ आहेत आणि त्यांतल्या अनेकांत लेव्हल नऊच्या मुली नियमित स्पर्धा करतात. त्याखेरीज विद्यार्थ्यांनी चालवलेले क्लब संघ आहेत. अडचण एकच: छोटे संघ तुमच्या दारात येत नाहीत. त्यांच्याकडे प्रवासाचा पैसा कमी, प्रशिक्षक दोन-तीनच. मुलीने स्वतः लिहिलं नाही, तर ती अस्तित्वात आहे हेही त्यांना कळत नाही. पुढचं सगळं हे लिहिणं नीट कसं करायचं आणि त्याआधी काय तयारी करायची, याबद्दल आहे. मुख्यतः इथे राहणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिते आहे. भारतातून येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी शेवटी थोडं आहे.

पहिली पायरी: नकाशा समजून घ्या

एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेत तीन डिव्हिजन आहेत. साठच्या वर संघ डिव्हिजन वनमध्ये आहेत, पण ते सगळे सारखे नाहीत. ब्राउन, कॉर्नेल, पेन आणि येल ही आयव्ही लीगची चार विद्यापीठं डिव्हिजन वनमध्येच खेळतात आणि खेळाची स्कॉलरशिप अजिबात देत नाहीत. अभ्यासात अव्वल आणि लेव्हल दहापर्यंत पोहोचलेली मुलगी असेल, तर हा दरवाजा जरूर ठोठावावा. बे एरियातल्यांसाठी यूसी डेव्हिस, सॅक्रामेंटो स्टेट, सॅन होजे स्टेट ही नावंही डिव्हिजन वनचीच, पण मोठ्या नावांच्या मानाने आवाक्यातली.

डिव्हिजन टूमध्ये मोजकेच संघ आहेत. टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटी हे त्यातलं मानाचं नाव. डॅलसच्या उत्तरेला डेंटनमध्ये आहे, म्हणजे फ्रिस्को-प्लेनोच्या मराठी वस्तीपासून साधारण पाऊण तासावर. यूएसए जिम्नॅस्टिक्स छोट्या संघांसाठी जी राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा घेत आली आहे, तिची दहाहून अधिक विजेतेपदं या संघाकडे आहेत. पेनसिल्व्हेनियात वेस्ट चेस्टर, कनेटिकटमध्ये सदर्न कनेटिकट स्टेट, आणि पार अलास्कात अँकरेज. डिव्हिजन टूच्या कॉलेजांना खेळाची स्कॉलरशिप देता येते, पण ती बहुधा तुकड्यातुकड्यांत वाटली जाते. पूर्ण फी माफ होईल असं गृहीत धरू नका.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते डिव्हिजन थ्रीकडे. इथे पंधराच्या वर संघ आहेत. विस्कॉन्सिन तर या खेळाचं माहेरघरच म्हणावं: ला क्रॉस, व्हाइटवॉटर, ओशकोश, ओ क्लेअर, स्टाउट. शेजारच्या मिनेसोटात हॅमलिन आणि गस्टाव्हस अडॉल्फस. पूर्वेकडे इथाका, कोर्टलँड, ब्रॉकपोर्ट, स्प्रिंगफील्ड, ऱ्होड आयलंड कॉलेज आणि फिलाडेल्फियाजवळचं अर्सायनस, जे एडिसनहून साधारण दीड तासावर पडतं. इलिनॉयमधलं ग्रीनव्हिल आणि आयोवातलं सिम्प्सन हे अलीकडे आलेले संघ. एनसीएए स्वतः डिव्हिजन थ्रीची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा घेत नाही. एनसीजीए नावाची संघटना मार्चअखेरीस या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. तिथे जिंकणाऱ्या मुलीही ऑल-अमेरिकन म्हणवल्या जातात, आणि तो मान खरा असतो.

२०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या) तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या जिम्नॅस्टिक्स संघात २० जणींचीच मर्यादा आली. पूर्वी स्कॉलरशिपशिवाय संघात असलेल्या मुलींपैकी काहींना आता मोठ्या संघांत जागा उरली नाही. त्या साहजिकच छोट्या संघांकडे वळतात. त्यामुळे छोट्या संघांची पातळी वर सरकते आहे आणि ‘डिव्हिजन थ्री तर सहज मिळेल’ हा समजही सोडून द्यायला हवा.

दुसरी पायरी: मुलगी नेमकी कुठे बसते ते आकड्यांवरून पाहा

इथे भावनेपेक्षा गणित कामाचं. कॉलेजच्या स्पर्धेत प्रत्येक इव्हेंटला सहा जणी उतरतात आणि त्यांतल्या पाच जणींचे गुण धरले जातात. व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर या चार इव्हेंटचे पाच-पाच मिळून वीस आकडे होतात, त्यांची बेरीज म्हणजे संघाचा स्कोअर. संघाचा आकडा वीसने भागा. १९८ काढणारा संघ म्हणजे सरासरी ९.९० ची रूटीन. १९२ काढणारा संघ म्हणजे ९.६०. १९० म्हणजे ९.५०. डिव्हिजन थ्रीचे चांगले संघ १९० च्या वर असतात, तळाचे त्याहून बरेच खाली. हा फरक डोळ्यांसमोर आला की कुठे लिहायचं हे निम्मं ठरतं.

उरलेलं निम्मं ठरवायला रोड टू नॅशनल्स ही साइट उघडा. तिथे प्रत्येक संघाचे, अगदी डिव्हिजन थ्रीच्याही, स्पर्धेगणिक आणि मुलीगणिक स्कोअर मिळतात. सर्वांत चांगल्या मुलीचे गुण पाहू नका. प्रत्येक इव्हेंटला सहाव्या क्रमांकावर असलेल्या मुलीची सरासरी पाहा. तुमच्या मुलीला तिची जागा घ्यायची आहे. मग संघाच्या पानावर जाऊन सिनिअर कोण ते बघा. बीमच्या लाइनअपमधल्या तीन मुली यंदा पदवी घेऊन बाहेर पडत असतील आणि तुमची मुलगी बीमवर पक्की असेल, तर हे कॉलेज तुमच्या यादीत वर सरकलं.

इथेच एका गोष्टीवर थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडचे पालक ती हमखास चुकवतात. क्लबच्या, म्हणजे तिच्या जिमच्या, मीटमधला (स्पर्धेतला) ९.४ आणि कॉलेजातला ९.४ एक नाही. कॉलेजचे नियम लेव्हल दहाच्या नियमांवर आधारलेले आहेत. लेव्हल नऊला विशिष्ट अवघड कसरती करायला बंदी असते, त्यामुळे तिथलं सुंदर रूटीन कॉलेजच्या नियमांनी मोजलं तर मुळात १०.० पासून सुरू होत नाही. अवघड कसरतींचा बोनस कमी पडतो. व्हॉल्टचं उदाहरण घ्या. कॉलेजात एका पूर्ण फिरकीच्या युरचेन्कोची (व्हॉल्टचा एक प्रकार) सुरुवातच १०.० च्या खालून होते, दीड फिरकी असेल तर १०.० पासून. म्हणून क्लबच्या कोचला बसवून एकदा विचारा: ‘हे रूटीन कॉलेजच्या नियमांनी कितीपासून सुरू होतं, आणि कुठली एक कसरत घातली तर ते वाढेल?’ डिव्हिजन थ्रीत १०.० च्या खालून सुरू होणारी रूटीन्स नित्याची आहेत. पण तुमच्या मुलीचा आकडा तुम्हाला ठाऊक असायला हवा, कारण समोरचा प्रशिक्षक पहिल्या मिनिटात तो मनातल्या मनात मोजतो.

चारही इव्हेंट येत नाहीत म्हणून मागे हटू नका. चार इव्हेंटना मिळून चोवीस जागा. तीन मुली चारही करत असतील तर बारा जागा भरल्या, उरलेल्या बारा एक-दोन इव्हेंटवाल्यांसाठी. बार्सची भीती बसलेली पण बीम-फ्लोअरवर भरवशाची मुलगी छोट्या संघाला खूप उपयोगी पडते. भरवशाची हा शब्द महत्त्वाचा आहे. दहापैकी नऊ वेळा न पडणारी मुलगी, तीनदा अप्रतिम आणि सातदा पडणाऱ्या मुलीपेक्षा प्रशिक्षकाला प्रिय असते.

तिसरी पायरी: यादी करा, पण कॉलेज आधी

संघ पाहून कॉलेज निवडू नका. टाच किंवा मनगट गेलं तर खेळ एका दिवसात थांबू शकतो; तेव्हाही मुलीला त्या गावात, त्या वर्गात चार वर्षं राहायचं आहे. तिला काय शिकायचं आहे ते आधी विचारा. फिजिकल थेरपीकडे ओढा असेल तर इथाका, स्प्रिंगफील्ड, ला क्रॉस ही नावं अभ्यासासाठीच घेण्याजोगी आहेत, आणि तिथे संघही आहेत. शारीरिक शिक्षण शिकवायचं असेल तर कोर्टलँड. इंजिनिअरिंगच हवं असेल, तर संघ असलेल्या छोट्या कॉलेजांत ते कितपत मिळतं ते काटेकोर तपासा. बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, आणि मग खाली सांगितलेला क्लब संघांचा मार्ग जास्त शहाणपणाचा ठरतो.

पंधरा-वीस कॉलेजं सुरुवातीला ठेवा. तीन-चार मोठ्या आशेची, आठ-दहा बरोबरीची, बाकी सुरक्षित. आणखी एक तपासणी करा: संघ टिकणार आहे का? गेल्या काही वर्षांत छोटे संघ सुरू झाले तसे बंदही झाले. अलाबामातल्या टालाडेगा कॉलेजने मुलींचा संघ उभा केला आणि एकाच हंगामानंतर २०२४ मध्ये बंद केला. तिथल्या मुलींना एका उन्हाळ्यात दुसरं कॉलेज शोधावं लागलं. उलट अँकरेजचा संघ बंद होणार असं जाहीर झालं होतं, तो लोकांनी देणग्या गोळा करून वाचवला. त्यामुळे प्रशिक्षक किती वर्षं आहेत, संघाची स्वतःची जिम आहे की भाड्याची, कॉलेजचीच आर्थिक स्थिती कशी आहे, हे सरळ विचारायला लाजू नका.

चौथी पायरी: व्हिडिओ

महागडा, संगीत लावलेला व्हिडिओ लागत नाही. फोन आडवा धरा, हात स्थिर ठेवा. पूर्ण रूटीन दाखवा, कापाकापी नको, संथ गती नको. व्हॉल्ट बाजूने घ्या, म्हणजे टेबलावरचा ब्लॉक (हातांनी दिलेला धक्का) आणि उतरणं दोन्ही दिसेल. बीमही बाजूने. फ्लोअरला कोपऱ्यातून, उड्यांची उंची दिसेल असं. कसरत फोमच्या पिटमध्ये केली असेल तर तसं लिहा. पिटमधली डबल बॅक (मागे घेतलेली दुहेरी कोलांटी) आणि कडक मॅटवर उतरलेली डबल बॅक यांत काय अंतर आहे, हे प्रशिक्षकांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, आणि लपवलेलं त्यांना अजिबात आवडत नाही.

सुरुवातीला पाच सेकंद नाव, हायस्कूल संपण्याचं वर्ष, क्लब, लेव्हल. सर्वांत चांगला इव्हेंट पहिला. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवा, पासवर्ड नको. दर सहा-आठ आठवड्यांनी नवीन कसरतीचा छोटा तुकडा घाला. पडलेलं रूटीन घालू नका, पण लहानशा डगमगीमुळे अख्खं चांगलं रूटीन टाकूही नका.

पाचवी पायरी: पत्र, आणि ते मुलीनेच लिहिलेलं

सगळ्यांत जास्त जीव ओतायचा तो इथे. ईमेल मुलीच्या पत्त्यावरून, मुलीच्या शब्दांत जायला हवं. आपल्याकडे मुलांच्या वतीने बोलायची सवय असते; डॉक्टरकडे गेलं तरी ‘हिला दोन दिवसांपासून ताप आहे’ असं आपणच सांगतो. इथे ती सवय बाधते. आईने लिहिलेलं पत्र प्रशिक्षक लगेच ओळखतात आणि मुलगी चार वर्षं स्वतःचं स्वतः निभावू शकेल का, अशी शंका त्यांना येते.

विषयाच्या ओळीत पाच गोष्टी: हायस्कूल संपण्याचं वर्ष, नाव, लेव्हल, दोन चांगले इव्हेंट, जीपीए. म्हणजे काहीसं असं: ‘२०२८ – आडनाव – लेव्हल ९ – बीम, फ्लोअर – ३.८’. पत्र उघडण्याआधीच प्रशिक्षकाला कळायला हवं की हे वाचायचं की नाही.

पत्रात चार परिच्छेद पुरे. पहिल्यात, ‘कोच’ आणि आडनाव लिहून, हेच कॉलेज का, ते एका-दोन वाक्यांत. हे वाक्य प्रत्येक कॉलेजला वेगळं हवं. मागच्या हंगामात त्यांची कुठली मीट पाहिली, कुठला अभ्यासक्रम आवडला, असं खरंखुरं काहीतरी. दुसऱ्यात हंगामातले ठळक गुण आणि सध्या कुठल्या कसरतीवर काम चालू आहे. तिसऱ्यात अभ्यास: जीपीए, घेतलेले अवघड विषय, एसएटी दिली असेल तर गुण, काय शिकायचं आहे. चौथ्यात व्हिडिओचा दुवा, पुढच्या मीटची तारीख आणि ठिकाण, क्लबच्या कोचचा फोन आणि ईमेल. कोचला आधी सांगून ठेवा. अनेक प्रशिक्षक मुलीला उत्तर देण्याआधी तिच्या कोचला फोन करतात.

हे पाठवण्याआधी संघाच्या साइटवरचा रिक्रूट फॉर्म भरा. छोट्या संघांत हा फॉर्म खरोखर वाचला जातो.

उत्तर आलं नाही तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा लिहा, नव्या व्हिडिओसह. जानेवारी ते मार्च त्यांचा हंगाम असतो, त्या काळात दोन माणसं वीस मुली, प्रवास, हॉटेल आणि मीट सांभाळत असतात. उशीर झाला म्हणजे नकार असं समजू नका. आमच्या जिममधल्या एका लेव्हल नऊच्या मुलीला एका कॉलेजकडून दोन पत्रांना काहीच उत्तर नव्हतं. तिसऱ्या पत्रात तिने बीमचा नवा व्हिडिओ जोडला, आणि त्याच संध्याकाळी फोन आला. त्यांची बीमवरची एक मुलगी जखमी झाली होती. आमच्या जिममधली ती मुलगी आज त्या संघात बीम करते.

हजारो डॉलर घेऊन ‘आम्ही तुमच्या मुलीला संघात घालू’ म्हणणाऱ्या एजन्सींपासून लांब राहा. वर सांगितलेलं सगळं मुलगी स्वतः, फुकट करू शकते, आणि तिने केलेलंच जास्त पटतं.

सहावी पायरी: कधी काय करायचं

नववीत फक्त मार्क सांभाळायचे, व्हिडिओ साठवायला लागायचं आणि जवळच्या कॉलेजची एखादी मीट पाहायला जायचं. छोट्या संघांच्या मीटला तिकीट स्वस्त असतं आणि बसायला जागा पुढे मिळते.

दहावीत यादी, फॉर्म, पहिली पत्रं. डिव्हिजन वन आणि टूच्या प्रशिक्षकांना दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीबद्दल बोलता येत नाही. त्याआधी मुलीने लिहिलं तर हरकत नाही, फक्त उत्तराची अपेक्षा ठेवू नका. डिव्हिजन थ्रीचे प्रशिक्षक मात्र आधीही पत्र लिहू शकतात, फोन करू शकतात.

अकरावी सर्वांत महत्त्वाची. उन्हाळ्यात एखाद-दोन कॉलेज कॅम्प करा, पण ज्या कॉलेजने थोडा तरी रस दाखवला आहे तिथलेच; प्रत्येक कॅम्पचं आमंत्रण म्हणजे निवड नव्हे. डिव्हिजन वन किंवा टू यादीत असेल तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये (खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या केंद्रात) नाव नोंदवा. तिथे हायस्कूलचे १६ कोअर विषय लागतात. किमान जीपीए डिव्हिजन वनला २.३ आणि टूला २.२. शाळेच्या समुपदेशकाला भेटून कुठले विषय मोजले जातात ते आत्ताच पाहून घ्या. डिव्हिजन थ्रीत कॉलेजने खर्च केलेली अधिकृत भेट अकरावीतल्या १ जानेवारीपासून देता येते.

बारावीच्या सुरुवातीला, ज्या प्रशिक्षकांना मुलगी हवी आहे ते बहुधा प्रवेश कार्यालयाकडून तिचे मार्क आधीच तपासून घेतात. इथे स्पष्ट विचारा: ‘प्रवेशाच्या निर्णयात तुमच्या शब्दाला किती वजन आहे?’ काही ठिकाणी बरंच असतं, काही ठिकाणी शून्य. प्रवेशाचा शेवटचा निर्णय कायम प्रवेश कार्यालयाचा असतो. प्रशिक्षकाने ‘ये’ म्हटलं म्हणून बाकीचे अर्ज सोडू नका. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारा करार, २०२४ मध्ये रद्द झालं. डिव्हिजन थ्रीत सही करायचा कार्यक्रम होतो, फोटोही निघतात, पण तो कागद कोणालाही बांधून ठेवत नाही.

सातवी पायरी: पैसा आणि व्हिसा

हे आपल्या मंडळींसाठी वेगळं सांगणं गरजेचं आहे. डिव्हिजन थ्री आणि आयव्हीमध्ये खेळासाठी एक पैही मिळत नाही. मिळते ती गुणवत्तेवर किंवा गरजेवर आधारलेली मदत. खासगी कॉलेजची छापील फी पाहून घाबरू नका. त्या कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्यात आकडे भरा. चांगले मार्क असलेल्या मुलीला खासगी छोट्या कॉलेजची किंमत कधी कधी आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाच्या जवळ येते. मिनेसोटात राहणाऱ्यांना विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांत परराज्याची पूर्ण फी लागत नाही, दोन राज्यांत तसा करार आहे.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलीला एफएएफएसए (केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) भरता येतो. एच-४ वरच्या (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलीला केंद्र सरकारची मदत मिळत नाही. तिला कॉलेजची स्वतःची गुणवत्ता-मदत मात्र अनेक ठिकाणी मिळू शकते, म्हणून पहिल्या भेटीतच विचारा. राज्यातल्या रहिवाशांची फी एच-४ ला लागू होते की नाही, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. आणि ग्रीन कार्डची रांग लांब असेल तर २१ व्या वर्षी एच-४ संपतो, बहुतेक मुलींना मधेच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. त्याने फी बदलू शकते. हा हिशोब चार वर्षांचा करा, पहिल्या वर्षाचा नव्हे. एफ-१ वर संघात खेळायला अडचण नाही, पण स्वतःच्या नावावर जाहिराती वा प्रायोजकांकडून पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आठवी पायरी: भेटीत काय पाहायचं

प्रॅक्टिस बघायला मिळाली तर मुलगी बाजूला बसू दे, तुम्ही जरा लांब. मी सगळ्यात आधी पाहते ते हे: कोणी पडलं की प्रशिक्षक काय करतात. घोट्याला पट्टी बांधलेल्या मुलीला तसंच पुढे ढकलतात, की बाजूला घेऊन विचारतात? ॲथलेटिक ट्रेनर प्रॅक्टिसला हजर असतो का? मॅट, स्प्रिंग, बार्सच्या केबल नीट आहेत का?

विचारायचे प्रश्न: संघात किती जणी, त्यांतल्या प्रवासाला किती जातात, आणि मागच्या वर्षी एकदाही स्पर्धेत न उतरलेल्या किती? दुखापत झाली तर विमा कोणाचा? दुपारची लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर काय करतात? नर्सिंगच्या किंवा शिक्षकी प्रशिक्षणाच्या मुली संघात टिकल्या आहेत का? डिव्हिजन वन आणि टूमध्ये हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. क्लबमध्ये चोवीस तास करणाऱ्या मुलींना हे हलकं वाटतं, पण कॉलेजचा अभ्यास त्यात मिळवा.

आणि संघातल्या मुलींशी तुमच्याशिवाय जेवायला जाऊ द्या. शाकाहारी असेल तर कँटीनचा प्रश्न तिथेच सुटेल.

संघ मिळाला नाही, किंवा नको असेल तर

मोठ्या सरकारी आणि इंजिनिअरिंगच्या विद्यापीठांत जिथे अधिकृत मुलींचा संघ नाही, तिथे बहुधा विद्यार्थ्यांचा जिम्नॅस्टिक्स क्लब असतो. टेक्सास ऑस्टिन, पर्ड्यू, व्हर्जिनिया टेक, विस्कॉन्सिन मॅडिसन ही त्यांतली काही. हे क्लब एनएआयजीसी या संघटनेखाली स्पर्धा करतात. वेगवेगळ्या लेव्हलचे गट असतात, मुलगे-मुली एकत्र प्रवास करतात, आणि वसंतातल्या राष्ट्रीय स्पर्धेला हजाराहून अधिक खेळाडू येतात. इथे भरती नाही, स्कॉलरशिप नाही. वर्गणी भरायची, आठवड्यातून दोन-चार दिवस सराव करायचा. लेव्हल सात-आठवर थांबलेली किंवा एक्सेलमध्ये (लेव्हलना समांतर, थोड्या सोप्या वाटेत) खेळलेली मुलगीही इथे स्पर्धेत उतरू शकते. इंजिनिअरिंगचा अभ्यास आणि खेळ दोन्ही धरू पाहणाऱ्या मुलींना मी हाच मार्ग आधी सुचवते.

फ्लोअरवर आणि टम्बलिंगमध्ये दम असलेल्या, पण बार्स सोडू पाहणाऱ्या मुलींनी ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग हा खेळ पाहावा. २०२० मध्ये एनसीएएने त्याला मुलींसाठीच्या नव्या खेळांत घेतलं. बेलर, ओरेगॉन, क्विनिपियाक, गॅनन असे संघ आहेत, आणि त्यात छोटी कॉलेजंही भरपूर. इथे उंच मुलीला कोणी बाजूला सारत नाही. पिरॅमिडला खालून धरायला ताकदवान खांदे लागतातच.

मुलग्यांचं चित्र अवघड आहे. अधिकृत संघ जेमतेम पंधराच्या आसपास. स्प्रिंगफील्ड, सिम्प्सन आणि ग्रीनव्हिल हे त्यांतले छोटे. ॲरिझोना स्टेटसारख्या ठिकाणी जिम-ॲक्ट या संघटनेखाली संघ चालतात. एनएआयजीसी मुलग्यांनाही खुली आहेच.

भारतातून येणाऱ्या मुलींसाठी

कॉलेजात फक्त आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स आहे. रिदमिकचा एनसीएए संघ कुठेही नाही. महाराष्ट्राची ताकद रिदमिकमध्ये मोठी आहे, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. आर्टिस्टिकची मुलगी असेल तर तिने भारतातल्या स्पर्धांचे गुण कॉलेजच्या भाषेत समजावून सांगायला हवेत: कुठल्या कसरती, कुठल्या उपकरणावर, कुठल्या मॅटवर. व्हिडिओ इथे सर्वांत मोठा पुरावा ठरतो. इथल्या मुलींसारखे कॅम्प तिला परवडणार नाहीत, तर व्हिडिओ कॉल मागावा. छोट्या संघांचे प्रशिक्षक तो आनंदाने करतात. डिव्हिजन वन-टूसाठी एलिजिबिलिटी सेंटर लागतंच, आणि डिव्हिजन थ्रीतही परदेशातून पहिल्या वर्षाला येणाऱ्या खेळाडूंना २०२३ पासून हौशीपणाचा दाखला तिथूनच घ्यावा लागतो. एखाद्या स्पर्धेत रोख बक्षीस किंवा नोकरीतून खेळाचं मानधन घेतलं असेल, तर त्याचे कागद आधी गोळा करा आणि कॉलेजच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याला (खेळाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्याला) अर्ज करण्यापूर्वीच दाखवा. आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) बँकेत किती रक्कम दाखवावी लागेल, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.